उलटं टांगलेलं नाव

मोडक्या हाताच्या माणसाला गोलात उभं करणारे तुम्ही, आणि त्याला लोकांपुढे वाकायला लावणारेही तुम्हीच. काचेमागच्या उबदार खोलीत बसून तुम्ही अख्खा हंगाम पाहिलात. हरल्यावर खाली उतरून गोलमागच्या स्टँडसमोर यायला तुमचे पाय एकदाही वळले नाहीत. दर वेळी खेळणाऱ्या पोरांना पाठवलंत. जा, रांगेत उभे राहा, वाका, माफी मागा. माफी मागायचं कामसुद्धा तुम्ही कंत्राटानं देऊन टाकलं होतं. आणि शेवटी सगळा चिखल एकाच्याच अंगावर उडवलात. त्याचं नाव मुकाई योशितो. ते नाव मी लिहिणार. तुमचं लिहीत नाही. फुटबॉल क्लबचे अध्यक्ष म्हटलं की पुरे. तुमच्या नावाचं कापड आमच्या कुरोहामा गावात कुणी कधी रंगवलं नाही, आणि सगळा घोटाळा झाला तो त्याच्यामुळेच.

इसोगाई चिझुरु बंदराजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. वय शेहेचाळीस, आवाज खणखणीत. आठवडाभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून तिचं एकच पालुपद चालायचं. समोर बघा. आरशात नंतर बघा, आधी समोर बघा. आणि शनिवारी क्लबची मॅच असली की हीच बाई गडद निळा शर्ट चढवून स्टेडियमवर जायची आणि मैदानाकडे पाठ करून उभी राहायची.

कारण ती म्होरकी होती. गोलमागच्या स्टँडच्या तळाशी एक लोखंडी चौथरा आहे. म्होरक्यानं त्यावर चढायचं, लोकांकडे तोंड करायचं आणि तोंडाला भोंगा लावून आरोळी द्यायची. मग ढोल वाजतो आणि अख्खा स्टँड ती आरोळी उचलतो. मॅच संपेपर्यंत थांबायचं नाही, वळायचं नाही. गोल झाला तर तो चिझुरुला लोकांच्या चेहऱ्यावर दिसायचा. आपल्या बाजूचा की आपल्यावरचा, तेही चेहऱ्यांवरूनच कळायचं. कित्येक वर्षं ती अशी मॅच 'बघत' होती.

पहिल्या अर्ध्यात कुरोहामाचा गोलकीपर नेमका तिच्या मागे असायचा. तो मैदानाकडे तोंड करून, ती लोकांकडे. दोघं पाठीला पाठ लावून उभे, मध्ये फक्त गोलची जाळी आणि जाहिरातींच्या पाट्या. मुकाई एकदा वर्तमानपत्रवाल्याला म्हणाला होता, "मागून बाईंचा आवाज आला की मला पाठीला भिंत असल्यासारखं वाटतं." चिझुरुनं ते कात्रण ड्रायव्हिंग स्कूलमधल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

बाई म्हणजे तीच. मुकाई याच गावचा. त्याची आई बंदरावर सुकवलेल्या माकुळाचं दुकान चालवायची. अठराव्या वर्षी तो गाडी शिकायला आला, तेव्हा चिझुरुनंच त्याला शिकवलं. पहिल्याच आठवड्यात त्यानं गाडी फाटकाच्या खांबावर घातली. आरसा फुटला, याचा गुडघा डॅशबोर्डवर आपटला.

"लागलं का रे?"

"ठीक आहे, बाई."

"पँट रक्तानं भिजलीय तुझी!"

"गाडी ठीक आहे म्हणालो, बाई."

ती पोट धरून हसली होती. हा त्याचा स्वभावच. काहीही विचारा, ठीक आहे. जेवलास का? ठीक आहे. ताप आहे का? ठीक आहे. आपल्याकडे अशा पोराचं कौतुक होतं. सोशिक आहे म्हणतात. मी म्हणतो, अशाच पोरांवर तुमच्यासारख्यांचं दुकान चालतं.

हंगाम फेब्रुवारीत सुरू झाला. पहिल्या घरच्या मॅचआधी नेहमीप्रमाणे शंभर-दोनशे लोक फावडी घेऊन आले आणि मैदानावरचं बर्फ उपसलं. नंतर तिथेच वाफाळलेली आतड्यांची आमटी प्यायली. दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या गावाला फेब्रुवारीत वरच्या श्रेणीत जायची स्वप्नं पडतात, तशी त्यांनाही पडली. एप्रिलपर्यंत कुरोहामा गुणतक्त्यात मधोमध होता. मुकाई कप्तान होता आणि भिंतीसारखा उभा होता.

जूनमध्ये एका परगावच्या मॅचमध्ये धो धो पावसात तो कॉर्नरचा चेंडू अडवायला उडाला आणि उजव्या हातासकट खांबावर आदळला. डॉक्टर धावत आत गेला. मुकाईनं डावा अंगठा वर केला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गोलात होता, आणि लोक विसरले.

जुलैत तुम्ही दुसरा गोलकीपर कुसाका याला वरच्या श्रेणीतल्या क्लबला उसना दिलात. चांगला होता तो. मागे उरला विद्यापीठातून नुकताच आलेला एक कोवळा गडी, ज्याला प्रशिक्षक सरावातसुद्धा फार उभा करत नव्हता.

मग घसरण सुरू झाली. हातात यावेत असे चेंडू मुकाईच्या हातून सुटायला लागले. उजवीकडचे तर जास्तच. मॅच संपली की खेळाडू रांगेनं गोलमागच्या स्टँडसमोर यायचे, एकदम कमरेत वाकायचे आणि कप्तान म्हणून मुकाई क्लबचा छोटा भोंगा घेऊन बोलायचा. "आमची ताकद कमी पडली. माफ करा. पुढच्या वेळी जीव तोडून खेळू." वरून कुणीतरी ओरडायचं, "दर वेळी तेच! तोंडाला टेप लावलीय का?" कुणी म्हणायचं, "हातांना लोणी लावून येतो काय रे?" मुकाई आणखी खाली वाकायचा.

ऑगस्टच्या रणरणत्या दुपारी तो चिझुरुला बंदराजवळच्या दुकानाबाहेर भेटला. गार चहाची बाटली काखेत धरून डाव्या हातानं झाकण पिळत होता.

"काय सर्कस चाललीय? उजवा हात घरी विसरलास?"

"ठीक आहे, बाई. डाव्याची ताकद वाढवतोय."

"आण इकडे." तिनं झाकण उघडून दिलं. "आणि गाडी दोन हातांनी चालव. परवाना मी मिळवून दिलाय तुला, माझी अब्रू जाईल."

तो हसला, वाकला, गाडीत बसला. गाडी वळवताना त्याचा उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. चिझुरुनं पाहिलं. कितीएक शिकाऊ लोकांच्या हातांवर नजर ठेवून तिचा जन्म गेलेला. तरी तिच्या मनात आलं ते एवढंच की पोरगा बेफिकीर झालाय. समोर बघा म्हणून जगाला सांगणाऱ्या बाईला समोरचं दिसलं नाही.

ऑक्टोबर आला. शेवटचे तीन क्लब खाली जातात आणि कुरोहामा त्या तिघांत जाऊन बसला होता. एका घरच्या पराभवानंतर लोकांनी खेळाडूंची बस अडवली. मागणी साधी होती, अध्यक्षांनी बाहेर येऊन बोलावं. ऑफिसातला एक सुटातला माणूस आला आणि वाकून वाकून म्हणाला, "अध्यक्ष आज बाहेरगावी आहेत." तो हे बोलत होता तेव्हाच मागच्या फाटकातून तुमची काळी गाडी निघाली. ढोलवाल्या दोईंनी ती पाहिली. दोईंचं नूडल्सचं दुकान आहे, क्लबच्या ऑफिसात तुमचं जेवण तिथूनच जातं. गाडीचा नंबर त्यांना पाठ आहे.

रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून दहाबारा जण दोईंकडे जमले.

"पुढच्या घरच्या मॅचला पहिला अर्धा एक शब्द बोलायचा नाही," दोई म्हणाले. "ढोल नाही, आरोळी नाही. आणि कापडं उलटी."

कापड उलटं टांगणं ही तिथली शेवटची पायरी. प्रत्येक खेळाडूच्या नावाचं लांबलचक कापड लोक स्वतः रंगवतात आणि कठड्याला बांधतात. ते खाली डोकं वर पाय करून टांगलं की समजायचं, घरात आग लागलीय.

"पण दोई-सान, आपला राग कुणावर आहे?" चिझुरुनं विचारलं. "अध्यक्षावर ना?"

"मग?"

"मग अध्यक्षाच्या नावाचं कापड उलटं करा."

"आहे का आपल्याकडे?"

सगळे हसले. कोपऱ्यातून मासळीबाजारातला होंजो म्हणाला, "मी देतो रंगवून. मासळी झाकायची जुनी ताडपत्री आहे."

"गंमत नको, होंजो," दोई म्हणाले. "व्यवस्थापनाला शिव्या देणारं कापड आणलं तर दारातच काढून घेतात. खेळाडूंची कापडं आत जातात. हीच आहेत आपल्या हातात. चिझुरु-चान, लहानपणापासून बघतेयस ना? आधी एकदा उलटी टांगली होती, तेव्हा त्या वेळचा अध्यक्ष धावत खाली आला होता."

"आणि पोरांना वाईट वाटलं तर?"

"पोरांना कळतं. सगळ्यांचीच उलटी. एकट्या कुणाचं नाही."

सगळ्यांचं ठरत आलेलं असताना मोडता घालायचा नाही, ही आमची जुनी खोड. तिनं मान डोलावली. मुकाईचं कापड तिच्याकडेच होतं, तिनं स्वतः ड्रायव्हिंग स्कूलच्या शेडमध्ये गुडघ्यांवर बसून रंगवलेलं. निळ्यावर पांढरी अक्षरं: मुकाई, आमची भिंत. शनिवारी सकाळी तिनंच ते उलटं बांधलं. गाठी नीट पक्क्या मारल्या.

सरावासाठी खेळाडू बाहेर आले. रिवाजाप्रमाणे गोलकीपर सगळ्यात आधी येतो आणि गोलमागच्या स्टँडला वंदन करतो. एरवी त्याच्या नावाचा गजर होतो. त्या दिवशी हजारो माणसं बसली होती आणि कुणी खोकलंही नाही. मुकाईनं वर पाहिलं. कठड्यावरून नजर फिरवली, आपल्या नावाशी थांबला. मग वाकला. इतका वेळ वाकून राहिला की गोलकीपरांच्या प्रशिक्षकानं येऊन त्याच्या पाठीला हात लावला.

"कळलंय त्याला," दोई पुटपुटले.

चिझुरुला खात्री नव्हती.

मॅच सुरू झाली. आरोळी द्यायची नाही म्हटल्यावर चौथऱ्यावर चढायचं कारण नव्हतं. ती पहिल्या ओळीत बसली, मैदानाकडे तोंड करून. तिला विचित्र वाटलं. मैदान किती हिरवं असतं, खेळाडू एकमेकांना किती ओरडतात, काहीच तिला आठवत नव्हतं. आणि अगदी समोर, हाकेच्या अंतरावर, मुकाईची पाठ. इतकी वर्षं तिच्या पाठीला लागून असलेली पाठ.

आणि त्याचे हात.

पहिला चेंडू त्यानं पकडला, छातीशी धरला, पुढे टाकला आणि उजवा हात डाव्या काखेत दाबला. लगेच सोडला, कुणी बघू नये म्हणून. दुसऱ्या वेळी तसंच. उजवीकडून उंच क्रॉस आला तेव्हा सरळ उजवा हात घालायचा सोडून तो अख्खं अंग वळवून डाव्या मुठीनं चेंडू मारायला गेला. बचावपटूशी टक्कर झाली. होंजो करवादला, "हा काय नाच चाललाय याचा?"

चिझुरुच्या डोळ्यांसमोर काखेत धरलेली बाटली आली. मांडीवर पडलेला हात आला.

"दोई-सान, त्याचा उजवा हात गेलाय."

"काय?"

"मनगट. बघा तुम्ही. हातमोज्याखाली मनगट केवढं जाड दिसतंय. पट्ट्या आहेत. जूनपासून असणार."

दोईंनी चष्मा सारखा केला. त्यांनाही दिसलं. ढोल वाजवताना तेही आयुष्यभर लोकांकडेच बघत आले होते.

तेवढ्यात एक चेंडू गोलच्या वरून गेला आणि जाहिरातींच्या पाटीमागे येऊन पडला. तो घ्यायला मुकाई वळला. आता तो कापडाच्या अगदी खाली होता. त्यानं चेंडू डाव्या हातानं उचलला, वर पाहिलं, त्याची आणि चिझुरुची नजरानजर झाली. ओठ हलले. आवाज यायची गरज नव्हती, ती शिकवायला बसल्यापासून त्याचे ते शब्द ओळखत होती. माफ करा, बाई.

तो समजला होता की हे त्याच्यासाठी आहे. राग वरच्या काचेवर फेकला होता आणि फुटलं होतं खालचं माणूस.

मध्यांतर झाल्या झाल्या ती कठड्याकडे धावली आणि गाठी सोडायला लागली.

"अहो इसोगाई-सान, हे काय!" मागच्या ओळीतला एक जण ओरडला. "सगळ्यांचं ठरलं होतं ना! एकट्याचं सरळ करणार? बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

"बाकीच्यांचीही करा."

"वा! म्हणजे निषेध गेला उडत!"

"तुमचा निषेध वर पोचलाच नाही हो. बघा ना काचेकडे. पडदा ओढलाय."

सगळ्यांनी वर पाहिलं. खरंच, तुमच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. तुम्ही कापडं पाहिलीच नव्हती. ज्याला दिसली त्यालाच लागली.

सुरक्षेवाला आला. "मॅच चालू असताना कापडाला हात लावता येत नाही, मॅडम."

"मध्यांतर आहे."

"नियमात मध्यांतरही मॅचच."

"मग मला बाहेर काढा. पण आधी ही गाठ सोडू द्या, फार घट्ट बसलीय." दोईंनी खिशातून दुकानातली कात्री काढून दिली. सुरक्षेवाल्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं. तो गावचाच होता.

दुसऱ्या अर्ध्यात मुकाई पलीकडच्या गोलात गेला, म्हणजे आता या स्टँडकडे तोंड करून. कठड्यावर सगळी नावं उलटी, एकच सरळ. चिझुरु चौथऱ्यावर चढली आणि त्याच्या नावाची आरोळी दिली. पण मैदानाकडे पाठ केली नाही. लांबवर तो ठिपका थोडा थांबला आणि त्यानं डावा हात वर केला.

शेवटी शेवटी समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. चेंडू उजव्या खांबाकडे वळत गेला, डावा हात पोचणं शक्यच नव्हतं. मुकाई उजवा हात पुढे करून उडाला. चेंडू त्यानं बाहेर ढकलला. मग तो खाली आला, त्याच हातावर, आणि त्याच्यावर आणखी दोघं. स्टँडमधल्या प्रत्येकाला वाटतं की तो आवाज आपण ऐकला. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नाही, तरी वाटतं.

तो स्ट्रेचरवर गेला. कोवळा गडी आत आला. त्याच्या पहिल्याच मिनिटात गोल बसला.

दोन दिवसांनी चिझुरु माकुळाच्या दुकानात गेली. मुकाई दुकानामागच्या खोलीत बसला होता, कोपरापर्यंत प्लॅस्टर. आई पुढे गिऱ्हाईक करत होती आणि कुणाशीच बोलत नव्हती.

"कधीपासून?" चिझुरुनं विचारलं.

"ठीक आहे, बाई."

"मी तुला गाडीबद्दल विचारत नाहीये."

तो हसायला गेला आणि थांबला.

"जूनमध्येच मनगटाच्या हाडाला चीर होती," तो म्हणाला. "एक्स-रेचा फोटो काढला होता. डॉक्टर म्हणाले, तीन महिने हात हलवायचा नाही."

"कुणाला म्हणाले?"

"मला. आणि ऑफिसात. अध्यक्षांनी बोलावलं होतं. म्हणाले, सध्या तूच आहेस. बाहेर कळलं तर समोरचे सगळे उजवीकडेच मारतील, म्हणून बोलू नकोस. संघासाठी. मग विचारलं, जमेल ना?"

"आणि तू म्हणालास..."

"ठीक आहे म्हणालो."

"आणि त्यानंतर कुसाकाला पाठवला?"

"त्यानंतर."

बाहेर आईनं तराजूवर काहीतरी आपटलं.

"बाई, हे कुणाला सांगू नका. मीच हो म्हणालो होतो. आता नोव्हेंबरात करार आहे. आणि तुम्ही कापड उलटं केलंत ते बरोबरच होतं. कितीतरी गोल माझेच होते."

"मूर्खा, ते तुझ्यासाठी नव्हतं!"

"मग कुणासाठी? नाव तर माझं होतं."

चिझुरु उठली आणि बूट चढवू लागली.

"समज, कुणी चार माणसांत विचारलं तुला, हात ठीक आहे का म्हणून," ती जाताना म्हणाली, "तर काय सांगशील?"

"मला विचारलं की मी काय म्हणतो, माहीत आहे तुम्हाला."

तिनं कुणाला सांगितलं नाही. वचन दिलं नव्हतं, तरी पाळलं. पुढच्या आठवड्यात तुम्ही क्लबच्या नावानं निवेदन काढलंत. खेळाडूनं आपल्या जुन्या दुखण्याची पुरेशी कल्पना क्लबला दिली नव्हती, याचा खेद वाटतो. नोव्हेंबरात दुसरं निवेदन आलं. मुकाई योशितो यांचा करार वाढवण्यात येत नाही, आजवरच्या योगदानाबद्दल आभार. बंदरावर माणसं बोलायला लागली. लपवलं म्हणे त्यानं. पगारासाठी. संघ बुडवला. माकुळाच्या दुकानात लोक जात, पण पूर्वीसारखे रेंगाळत नसत. होंजोनं एकदा चिझुरुसमोर तोंड उघडलं, "लपवायचं होतं तर निदान..." आणि तिच्याकडे बघून पुढचं गिळलं.

शेवटच्या घरच्या मॅचच्या आदल्या दिवशी ऑफिसातला तोच सुटातला माणूस ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आला. वाकला. "इसोगाई-सान, उद्या समारोपाचा कार्यक्रम आहे. कृपया शांतता राहील असं पाहा. गोंधळ झाला तर पुढच्या वर्षी म्होरक्याला आत सोडता येणार नाही."

"गोंधळ होणार नाही," ती म्हणाली. "शब्द देते."

क्लब मॅच हरला. कुरोहामा तिसऱ्या श्रेणीत गेला. सरींबरोबर गारा पडायला लागल्या होत्या. मैदानाच्या मध्ये माईक उभा केला, खेळाडू रांगेत आले. जखमी खेळाडू सूट घालून रांगेच्या टोकाला. सगळ्यात शेवटी मुकाई, एका बाहीत हातच नाही, कोट नुसता खांद्यावर. अखेर तुम्ही उतरलात. हंगामात पहिल्यांदा. मागे एक माणूस छत्री धरून.

कठड्यावर त्या दिवशी एकच कापड होतं. सरळ.

तुम्ही बोलायला लागलात. ही सर्वांची जबाबदारी आहे, म्हणालात. परिस्थिती अवघड होती, म्हणालात. "खेळाडूंनीही आपल्या प्रकृतीबाबत प्रामाणिक राहायला हवं, हा धडा आपण सर्वांनी घेतला." स्टँड उसळला. हजारो माणसांनी बोंब मारायला श्वास घेतला. चिझुरु चौथऱ्यावर होती, लोकांकडे तोंड करून. तिनं तळहात खाली दाबला. दोईंनी ढोलावर हात ठेवला. आणि तो श्वास तसाच छातीत राहिला. ऑक्टोबरात शिकलेली शांतता त्यांनी परत आणली. तुम्हाला ते बरं वाटलं असावं, कारण तुम्ही समाधानानं वाकलात. तुमच्याबरोबर सगळी रांग वाकली.

मग चिझुरु वळली. लोकांकडे पाठ, मैदानाकडे तोंड. भोंगा वर केला. ड्रायव्हिंगच्या तासाला बोलते त्याच आवाजात ती बोलली, ओरडली नाही.

"मुकाई. हात ठीक आहे का?"

सगळी रांग वाकलेली, तोही वाकलेला. गारांचा आवाज तेवढा येत होता. चिझुरुला वाटलं, आता तो मान हलवणार, अंगठा वर करणार, आणि संपलं सगळं. त्याचं नाव कायमचं उलटं राहणार. तिनंच विचारून त्याच्या तोंडून खोटं वदवून घेतलं असं होणार.

मुकाई हळूहळू ताठ झाला. रांगेत तो एकटाच उभा. त्याच्याकडे भोंगा नव्हता, माईक लांब होता. त्यानं खांद्यावरचा कोट खाली सोडला. प्लॅस्टरमधला हात सगळ्या स्टँडला दिसेल असा जमेल तितका वर केला आणि मोठ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणाला, "नाही."

पहिल्या ओळीनं ऐकलं. तिनं मागच्यांना सांगितलं. तो शब्द स्टँडच्या पायऱ्या चढत वरपर्यंत गेला. कुणी बोंब मारली नाही.

"जूनमध्ये सांगितलं होतंस का?" चिझुरुनं विचारलं.

"हो."

"कुणाला?"

त्यानं बोट दाखवलं नाही. तेवढा सभ्य तो अजूनही होता. फक्त मान वळवून माईककडे पाहिलं. मग रांगेतला बाकीचा एकेक खेळाडू ताठ झाला आणि त्यानंही तिकडेच पाहिलं. छत्री धरलेल्या माणसाची छत्री थोडी सरकली. गारा तुमच्या डोक्यावर पडायला लागल्या.

"अध्यक्षसाहेब," चिझुरु म्हणाली, "पुढच्या वर्षी मला आत सोडू नका, चालेल. कापड आम्ही उलटं बांधलं, ती चूक आमची. त्याची माफी मी आत्ता सगळ्यांसमोर मागते." ती मुकाईकडे वळून वाकली, आणि तिच्यामागे स्टँड वाकला. खेळाडूंसमोर लोक वाकलेले त्या मैदानानं कधी पाहिले नव्हते. मग ती ताठ झाली. "आता तुमचं. त्याच्या मनगटाचा फोटो तुम्ही पाहिला होता की नाही? पाहून कुसाकाला पाठवलंत की नाही? माईक तुमच्या हातात आहे, आणि आम्ही कुठेही जाणार नाही. बोला."